नुसती गाठ काढायची की पूर्ण स्तन?
मावशीला डॉक्टरांनी दोन्ही पर्याय दिलेत, तिला झोप नाही, म्हणून लिहितेय. लवकर सापडलेल्या कॅन्सरमध्ये जगण्याची शक्यता दोन्हीकडे सारखीच, २००२ साली छापलेल्या २० वर्षांच्या अभ्यासात तेच दिसलं, तेव्हा "सगळं काढलं की सुटलो" हे डोक्यातून काढा. नुसती गाठ काढली तर ऑपरेशन छोटं, पण नंतर रेडिएशन बहुतेक लागतंच, साधारण ३ ते ५ आठवडे, सोमवार ते शुक्रवार, गावाहून येणाऱ्यांनी एसटी, राहणं, बुडालेली मजुरी धरूनच खर्च मोजा. पूर्ण काढलं तर रेडिएशन कित्येकदा टळतं, पण रोज ब्लाउज घालताना जे जाणवतं ते कुणी आधी सांगत नाही. केमो दोन्हीत लागू शकते. गाठ एकच, लहान, रेडिएशनचं सेंटर घराजवळ तर स्तन वाचवा. गाठी लांब लांब पसरलेल्या किंवा रेडिएशन जमणारच नसेल तर पूर्ण काढणं बरं.