नागपूर-मुंबई ६८५ किलोमीटर: अंतर पक्कं, वेळेवर मात्र विसंबू नका

धरमपेठेत माझं तिकीट बुकिंगचं ऑफिस आहे. भाडं ऐकलं की गिऱ्हाईकाचा पुढचा प्रश्न ठरलेला, "ताई, किती वेळ लागते जी?" त्यासाठी दोन विमानतळांमधलं अंतर आणि उड्डाणाचा वेळ सांगणारी एक मोफत साइट मी कायम उघडी ठेवते.

अंतराला साइट एकदम पक्की आहे. एनएजी (नागपूर) आणि बीओएम (मुंबई) हे विमानतळांचे कोड टाकले की सुमारे ६८५ किलोमीटर दाखवते. हे पृथ्वीच्या गोलाईवरून मोजलेलं सरळ हवाई अंतर. भुसावळमार्गे रेल्वेनं तेच ८३७ होतं, समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. नागपूरहून हवाई अंतरानं दिल्ली साडेआठशेच्या आसपास, कोलकाता हजाराच्या जरा अलीकडे. १९४९ मध्ये रात्रीची टपाल विमानसेवा सुरू झाली तेव्हा दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासची विमानं मध्यरात्री नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर उतरायची, थैल्यांची अदलाबदल करून परत उडायची. त्या कामाला नागपूरच का, ते हे आकडे शेजारी ठेवले की लगेच उमगतं. मला तर हे बघत बसायला फार आवडतं.

वेळेच्या रकान्यावर मात्र माझा राग आहे. साइट अंतराला एका ठरावीक वेगानं भागते आणि मुंबईसाठी तासाभराचा आकडा देते. विमान कंपनीच्या वेळापत्रकात दीड तास किंवा जास्तच असतो. कारण कंपनी विमान जागेवरून हललं तिथपासून मुंबईत जागेवर लागेपर्यंतचा वेळ धरते. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरतात. गर्दीच्या वेळी विमानं वर घिरट्या घालत थांबतात. हिवाळ्यात वरचे वारे पश्चिमेकडून जोरात वाहतात, त्यामुळे मुंबईला जाताना वारा समोरून आणि येताना पाठीमागून. एटीआरसारखं पंख्यांचं विमान असेल तर वेग आणखी कमी. यातलं काहीच साइट धरत नाही, आणि वर ठळक अक्षरात लिहिते "प्रवासाचा वेळ".

या आकड्यावर भरवसा ठेवून लोक मुंबईहून पुढचं परदेशाचं विमान वेगळ्या तिकिटावर काढतात, तेव्हा माझ्या जिवाला घोर लागतो. वेगळ्या तिकिटात सामान स्वतः उचलून पुन्हा द्यावं लागतं, आणि पहिल्या विमानाच्या उशिराची जबाबदारी दुसरी कंपनी घेत नाही. अशा गिऱ्हाईकाला मी मध्ये किमान पाच तास ठेवायला लावते, मग ते कितीही कुरकुरलं तरी.

अंतरासाठी पाचपैकी पाच तारे, वेळेसाठी दोन. साइटवाल्यांनी त्या रकान्यात "फक्त हवेतला अंदाजे वेळ" एवढं तरी लिहावं, ही मनापासून विनंती.