सायकलच्या दिव्यासाठी सेल घेताय? आधी वजन करा

१८६५० मापाच्या, पुन्हा चार्ज होणाऱ्या लिथियम सेलवर '९८०० एमएएच' (सेलमध्ये किती वीज मावते त्याचं माप) छापलेलं दिसलं, की पुढे वाचूच नका. किंमत बघू नका, स्टार बघू नका, खालचे फोटोही बघू नका. १८ मिलिमीटर जाडी आणि ६५ मिलिमीटर लांबीच्या या नळकांड्यात नावाजलेल्या कंपन्यांची मजल साधारण ३५०० एमएएचपर्यंत जाते. त्याच्या जवळपास तिप्पट आकडा छापणाऱ्याने आत काय भरलं असेल, ते आम्ही पैसे मोजून बघितलंय.

आमचा सायकलवाल्यांचा छोटा गट आहे, पुण्यातला. दोघं-तिघं बीआरएमच्या, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेरीच्या तयारीत होते. ३०० किलोमीटरची बीआरएम २० तासांत संपवायची असते, म्हणजे रात्र रस्त्यावर काढणं आलंच. दिवा धड नसेल तर आयोजक सुरुवातीलाच अडवतात, आणि अडवावंच. विकतचा चांगला दिवा खिशाला जड जातो, म्हणून मी घरी करायला घेतला. अ‍ॅल्युमिनियमच्या चौकोनी पाइपचा तुकडा, त्यावर थर्मल पेस्ट लावून बसवलेला एलईडी, पुढे लेन्स, एलईडीला ठरावीक प्रवाह देणारा चार ७१३५ चिपांचा ड्रायव्हर आणि सेल भरायला टीपी४०५६ चिपचं चार्जिंग मॉड्यूल. एक चिप ३५० मिलीअँपिअर सोडते, चार मिळून १.४ अँपिअर. रस्त्यावरचे खड्डे दिसायला तेवढं पुरतं. बरंचसं सामान बुधवार पेठेत, तपकीर गल्लीत मिळालं. एलईडी आणि सेल तेवढे एका शॉपिंग अ‍ॅपवरून मागवले, 'सायकल लाइट कॉम्बो' म्हणून.

जाहिरात अशी होती: ९८०० एमएएचचे दोन सेल, 'प्रोटेक्टेड', सोबत १२,००० ल्युमेनचा (ल्युमेन म्हणजे उजेडाचं माप) 'ओरिजिनल एक्सएम-एल टी६', म्हणजे क्री कंपनीचा एलईडी. १,९९९ वर काट मारून ३९९ रुपये. साडेचार स्टार. नंतर शांतपणे वाचलं तर निम्म्या प्रतिक्रिया मोबाइलच्या कव्हरच्या होत्या. 'रंग छान आहे, बटणं नीट दाबली जातात.' जुन्या मालाच्या पानावर नवा माल चढवायचा आणि आधीचे स्टार फुकटात वापरायचे, ही यांची नेहमीची युक्ती.

१२,००० ल्युमेनचंही ऐका. खरा एक्सएम-एल कंपनीने दिलेल्या कमाल ३ अँपिअरवर चालवला तरी साधारण १० वॅट घेतो आणि १००० ल्युमेनच्या आसपास देतो. मोटारीच्या साध्या एच४ हॅलोजन बल्बचा डिपरही तेवढाच, १००० ल्युमेनच्या घरात. म्हणजे ३९९ रुपयांत डझनभर हेडलाइटांचा उजेड हँडलवर. त्यासाठी लागणारे शंभर-सव्वाशे वॅट पेलणारी बॅटरी पाठीवर घ्यावी लागेल, ते कोणी लिहीत नाही.

पहिली शंका चार्जिंगला आली. टीपी४०५६ चं मॉड्यूल १ अँपिअरने चार्ज करतं. चालू असताना लाल दिवा, भरलं की निळा. दोन सेल समांतर जोडले म्हणजे लेबलाच्या हिशेबाने १९,६०० एमएएच, भरायला वीस तास तरी हवेत. रात्री जेवायला बसताना लावलं आणि आवराआवर होऊन ओट्यापाशी गेलो, तर निळा लागलेला! मॉड्यूल बिघडलं असेल म्हणून दुसरं लावलं. तेही तसंच. मल्टिमीटरवर ४.२ व्होल्ट बरोबर दाखवत होते. सेल भरलेलेच होते, फक्त भरायला आत जागाच नव्हती.

तरीही मित्राने कापूरहोळच्या फेरीला तो दिवा नेला, सोबत जुना टॉर्च होता म्हणून. लेबल खरं असतं तर चौदा तास चालायला हवा होता. परतताना जेमतेम तासभर झाला असेल, जुन्या कात्रज बोगद्याच्या अलीकडे दिवा पिवळट पडायला लागला, आणि बोगदा ओलांडून उताराला लागल्यावर पुरता गेला. हा ड्रायव्हर साध्या पद्धतीचा असल्याने व्होल्टेज उतरेल तसा उजेड मंदावतो, एकदम विझत नाही. नशीब म्हणायचं. भर उतारावर वळणात फट्‌दिशी अंधार झाला असता तर आज वेगळंच काही लिहायची वेळ आली असती.

सेल घेऊन तपकीर गल्लीत गेलो. काउंटरवरच्या काकांनी चष्माही लावला नाही. एक सेल तळहातावर घेतला, जरा वर-खाली केला आणि म्हणाले, "हलका आहे हो." खणातून छोटा वजनकाटा काढला. आमचा सेल २९ ग्रॅम. त्यांच्याकडचा चांगल्या कंपनीचा २६०० वाला ४५ ग्रॅम. मग त्यांनी एक कापलेला सेल दाखवला, असल्याच कुठल्या तरी मालातला. बाहेरच्या नळकांड्यात त्याहून बारीक सेल, आणि भोवतीच्या मोकळ्या जागेत पांढरी पूड ठासलेली. "वजन वाढवायला भरतात. तरी यांना पंचेचाळीस गाठता येत नाही."

मी विचारलं, "काका, लोक परत घेऊन येत नाहीत का?"

"माझ्याकडे आणतात, दादा. विकणाऱ्याचं दुकान कुठंय?"

'प्रोटेक्टेड' हेही खोटंच. सेल पार उतरण्याआधी प्रवाह तोडणारी संरक्षणाची चकती बसवली की सेलची लांबी ६५ वरून साधारण ६९-७० मिलिमीटर होते. आमचे सेल पट्टीला बरोबर ६५ भरले. आमच्या मॉड्यूलमध्ये संरक्षण होतं म्हणून निभावलं; नुसत्या बटणावर चालणाऱ्या दिव्यात असा सेल पार कोरडा होतो, आणि पार उतरलेला लिथियम सेल पुन्हा चार्जिंगला लावणं म्हणजे घरात आगीला आमंत्रण. कापून बघायच्या फंदातही पडू नका. त्याला वजनकाटा आणि पट्टी पुरते. एलईडीबद्दल एवढंच, की मूळ कंपनीच्या माहितीपत्रकात ७०० मिलीअँपिअरला २.९ व्होल्टच्या आसपास दिलंय; आमच्याला त्याच प्रवाहाला ३.३ लागत होते. उजेड निळसर, ताप मात्र भरपूर.

विक्रेत्याला लिहिलं. आधी उत्तर आलं, 'चुकीचा चार्जर वापरला.' वजनाचा फोटो पाठवल्यावर, 'पॅक फोडला, आता परत घेता येणार नाही.' पॅक न फोडता सेल वापरायचा कसा, यावर ताकास तूर लागू देईनात. अ‍ॅपच्या ग्राहक सेवेनेही मुदत संपल्याचं सांगून वाटाण्याच्या अक्षता लावल्या. मी एक स्टार देऊन वजनकाट्याचा फोटो चढवला, तेव्हा मात्र तासाभरात निरोप: 'सर, दोनशे रुपये पाठवतो, रिव्ह्यू काढा.' हे 'पाठवतो' प्रकरण जपून. पैसे घ्यायला यूपीआयचा पिन लागत नाही, क्यूआरही स्कॅन करावा लागत नाही. तसं कोणी सांगितलं की फोन ठेवायचा.

मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार अ‍ॅपच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची असते आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढायची असते. जाहिरातीचा स्क्रीनशॉट, लेबल, काट्यावरचं वजन आणि पट्टीवरची लांबी एवढं जोडलं. ३९९ परत आले. नसते आले तर जिल्हा ग्राहक आयोग होताच. ५ लाखांपर्यंतच्या मालाच्या तक्रारीला तिथे फी नाही. स्क्रीनशॉट घेणार असाल तर पैसे भरायच्या आधी घ्या, कारण तक्रार गेली की पानावरचा मजकूर बदलतो. आमच्या वेळी 'प्रोटेक्टेड' हा शब्द दुसऱ्या दिवशी गायब होता.

आता सेल काकांकडूनच घेतो, बिलासकट. लिथियम सेलला आपल्याकडे आयएस १६०४६ या भारतीय मानकाखाली नोंदणी सक्तीची आहे, त्यामुळे लेबलवर 'आर' ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक हवा. तो भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर अ‍ॅपवर टाकला की कंपनीचं नाव येतं. लेबलवरचं नाव आणि ते जुळलं पाहिजे. ३९९ मध्ये ही जोडी येत नाही. पण दोन २६०० वाले समांतर लावून १.४ अँपिअरवर साडेतीन तास मिळतात, आणि ज्याला रात्रभर जायचंय तो भरलेली दुसरी जोडी खिशात ठेवतो.

जुने दोन्ही सेल टोकांना चिकटपट्टी लावून ई-कचऱ्यात दिले. घंटागाडीत टाकू नका, दाबले गेले की पेटतात.