‘लोअरिंग स्प्रिंग’ म्हणून माझ्याच स्प्रिंगा कापून मला विकल्या

गाडी खाली बसवून रुंद अलॉय टाकायचा विचार असेल, किंवा टाकून झाल्यावर टायर घासतोय म्हणून दुकानदार एकामागून एक उपाय गळ्यात मारत असेल, तर हे शेवटपर्यंत वाचा. कोल्हापूरजवळ महामार्गालगतच्या एका मॉडिफिकेशनच्या दुकानात माझ्या फोक्सवॅगन पोलो गाडीचं काय केलं ते सविस्तर लिहितोय. तक्रार चालू असल्यामुळे दुकानाचं नाव देत नाही. पद्धत मात्र ओळखून ठेवा, कारण ती एकाच दुकानापुरती असेल असं मला वाटत नाही.

कंपनीची चाकं 15 इंची, 6J (म्हणजे 6 इंच) रुंदीची, ऑफसेट 40 (चाकाच्या मध्यरेषेपासून गाडीला टेकणाऱ्या भागाचं मिमीमधलं अंतर; ते कमी झालं की चाक बाहेर सरकतं), टायर 185/60. दुकानदाराने 17 इंची, 7.5J रुंद, ऑफसेट 35 ची अलॉय, 205/45 टायर आणि ‘इम्पोर्टेड’ लोअरिंग स्प्रिंगा (गाडी खाली बसवणाऱ्या) असा सेट सुचवला. “दादा, डायरेक्ट बसतंय. कुठंबी घासणार नाही, माझी गॅरंटी.” 

आता हिशेब बघा. चाक दीड इंचाने रुंद झालं, म्हणजे दोन्ही बाजूंना 19-19 मिमी. ऑफसेट 5 ने कमी, म्हणून अख्खं चाक 5 मिमी बाहेर सरकलं. बाहेरची कड 24 मिमी फेंडरकडे (चाकावरच्या पत्र्याकडे) गेली, आतली कड 14 मिमी शॉकअपकडे. टायरचा व्यासही 603 वरून 616 मिमी झाला, आणि त्यात गाडी खाली आली. रुंदी आणि ऑफसेट चाकावरच ओतलेले असतात, टायरचं माप टायरवर. रोज चाकं विकणाऱ्या माणसाला हे गणित येत नाही, यावर माझा विश्वास नाही. घासणार हे त्याला माहीत होतं. घासल्यानंतरच्या कामातच त्याची खरी कमाई होती.

झालंही तसंच. आतली बाजू शॉकअपला लागायला लागली. त्यावर त्याने 8 मिमीचे स्पेसर (चाक बाहेर ढकलणाऱ्या चकत्या) घातले, वेगळे पैसे घेतले. आतलं घासणं थांबलं, पण बाहेरची कड आता मूळ जागेपासून 32 मिमी बाहेर. गतिरोधकावर फेंडरची आतली पट्टी टायरच्या खांद्यात रुतायला लागली. मग आतलं प्लास्टिकचं लायनर काढून टाकलं आणि पट्टी हातोडीने ठोकून वळवली. हे काम रोलरने, रंग हीट गनने कोमट करत सावकाश करायचं असतं. थंड पत्र्यावर हातोडी मारली की रंगाला चिरा जातात. कोल्हापूरच्या पावसात त्या चिरांमधून गंज धरायला किती वेळ लागणार?

पुढचा उपाय तर सरळ सरळ चोरी होती. ‘मागच्या चाकांचा कॅम्बर (चाकाचा उभा कल) सेट केला’ म्हणून बिल. पोलोला मागे टॉर्शन बीम आहे, म्हणजे दोन्ही चाकं जोडणारा एकसंध आडवा दांडा. त्यावर कॅम्बर फिरवायला बोल्टच नसतो. बदलायचाच झाला तर चाकाचा स्टब (चाक ज्यावर फिरतं तो भाग) सोडवून मागे तिरप्या शिम (पातळ पट्ट्या) घालाव्या लागतात. तसं काहीच केलेलं नव्हतं. अलाइनमेंट मशीनचा आधीचा आणि नंतरचा कागद मागितला तर प्रिंटर बंद असल्याचं सांगितलं. आणि शेवटी, गाडी खाली करायचे पैसे घेतलेल्या त्याच माणसाने ती वर उचलायला स्प्रिंगच्या वेढ्यांत रबरी कुशन बफर कोंबले. त्याचेही पैसे घेतले.

गगनबावड्याहून करूळ घाट उतरताना, चौघे बसलेले असताना, वळणावर मागून जळक्या रबराचा वास आला. खाली उतरून पाहिलं तर टायरच्या खांद्यावर गोलभर चर पडली होती.

उद्यमनगरात सस्पेन्शनचं काम करणाऱ्या एका जुन्या मिस्त्रींकडे गाडी नेली. त्यांनी आधी चाकाचे बोल्ट सोडले आणि मला जवळ बोलावलं. पोलोला नट नसतात, बोल्ट थेट हबमध्ये (चाक ज्यावर बसतं त्या भागात) जातात. 8 मिमीचा स्पेसर घातला तर बोल्टही तेवढा लांब हवा. इथे जुनेच बोल्ट होते, म्हणजे प्रत्येक बोल्टचे पाचेक आटे हबमध्ये गेलेच नव्हते. टायर घासण्यापेक्षा हे कितीतरी भयंकर. चाक निखळलं असतं.

मग मागची स्प्रिंग बाहेर काढली. मिस्त्री मामांनी लाल रंग कानशीने खरवडला, खाली कंपनीचा काळा थर आणि रंगाच्या खुणा तशाच. “ही तुमचीच हाय. ग्राइंडरनं कापलीया,” ते म्हणाले. कापलेल्या टोकाला निळसर जळका डाग होता. ‘जुन्या स्प्रिंगा भंगारात गेल्या’ असं मला का सांगितलं होतं ते तेव्हा उलगडलं. स्प्रिंगचा शेवटचा वेढा तिच्या बैठकीत बसेल असा घडवलेला असतो. तो कापला की चाक खड्ड्यात लोंबकळताना स्प्रिंग जागेवरून हलू शकते. शिवाय उरलेली स्प्रिंग कडक होते आणि शॉकअप तळाला आपटत राहतो. माझे मागचे दोन्ही शॉकअप गळत होते.

कुठे घासतंय ते तुम्हाला स्वतः शोधता येतं. टायरच्या दोन्ही खांद्यांना खडू फासा, मागे माणसं बसवा, मोकळ्या जागेत स्टेअरिंग दोन्ही टोकांना वळवून हळू चालवा आणि एका गतिरोधकावरून घ्या. खडू कुठे पुसला आणि लायनर कुठे चकाकतंय ते टॉर्चने पाहा. आत घासत असेल तर उपाय वेगळा, बाहेर घासत असेल तर वेगळा. जो दुकानदार हे न बघता स्पेसर हातात घेतो, त्याच्याकडून गाडी परत घ्या. नवीन स्प्रिंगा घेत असाल तर खोकं, पार्ट नंबर आणि तुमच्या जुन्या स्प्रिंगा हातात घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

मी जाब विचारल्यावर दुकानदाराने धमकी दिली: “तक्रार केलीस तर आरटीओ तुझीच गाडी धरंल.” ही भीती अगदीच हवेतली नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 खाली मूळ नोंदीशी विसंगत बदल करता येत नाहीत, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये ते पुन्हा ठणकावलं, आणि कलम 182अ नुसार मालकाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड होऊ शकतो. याच भीतीवर ही मंडळी जगतात. पण माझी तक्रार माझाच माल नवा म्हणून विकल्याची आणि न केलेल्या कामाचं बिल लावल्याची आहे. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली, आता जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज आहे. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे शुल्क लागत नाही. कापलेली टोकं, बोल्ट, टायर आणि मिस्त्रींचं लेखी मत जपून ठेवलंय.

गाडीला आता कंपनीच्या स्प्रिंगा, नवे शॉकअप आणि 6.5J, ऑफसेट 40 ची 16 इंची चाकं आहेत, टायर 195/50. व्यास 601 मिमी, बाहेरची कड जेमतेम 6 मिमी पुढे. पूर्ण वळवूनही कुठे लागत नाही.

कोल्हापूर, सांगली, इचलकरंजी भागात कोणी अशा लाल रंगवलेल्या स्प्रिंगा बसवून घेतल्या असतील, तर घाटात जायच्या आधी मागचं चाक उघडून स्प्रिंगचं टोक बघा, आणि स्पेसर असेल तर बोल्ट आजच मोजा.