घरच्या डीबीतील सर्ज प्रोटेक्टर : एका पावसाळ्यानंतरचा अनुभव

रत्नागिरी जिल्ह्यातील आमच्या घराला खांबांवरच्या उघड्या तारांतून वीज येते, आणि वळवाच्या दिवसांत आकाश गडगडू लागले की टीव्ही, राउटर व इन्व्हर्टरचे प्लग काढत फिरणे हा इथला घरोघरचा नेम आहे. घरात कोणी नसताना हे काम कोण करणार, या एका कारणासाठी एप्रिलअखेर मुख्य डीबीमध्ये, म्हणजे घरभर वीज वाटणाऱ्या पेटीत, टाइप २ एसपीडी, म्हणजे सर्ज प्रोटेक्टर, आणि त्याच्यानंतर दाब फार चढला वा घसरला की पुरवठा तोडणारा स्वतंत्र व्होल्टेज प्रोटेक्टर बसवून घेतला. आता परतीचा पाऊसही सरला असल्याने दोन्हींविषयी लिहिण्याजोगे बरेच हाती आहे.

जवळपास वीज कोसळली की तारांवर काही मायक्रोसेकंदांपुरता हजारो व्होल्टचा झटका येतो. एसपीडीमधील झिंक ऑक्साइडच्या चकत्या एरवी वीज अडवून धरतात, पण विजेचा दाब (व्होल्टेज) मर्यादेपलीकडे गेला की त्या क्षणात वाहक होतात आणि झटका अर्थिंगकडे वळवतात. माझ्या एसपीडीवर ४० किलोअँपिअर आणि १.५ किलोव्होल्ट असे आकडे छापलेले आहेत. झटक्याचा किती प्रवाह झेलता येईल हे सांगणाऱ्या पहिल्या आकड्याची जाहिरात मोठी असते, परंतु घरासाठी दुसरा अधिक महत्त्वाचा, कारण झटका किती व्होल्टवर रोखला जाईल हे तो सांगतो.

तो आकडा प्रत्यक्षात मिळणे मात्र जोडणीवर अवलंबून आहे. झटक्याच्या वेळी एक मीटर वायरसुद्धा सुमारे हजार व्होल्टची भर घालू शकते, म्हणून एसपीडीच्या जोडवायरींची एकूण लांबी अर्ध्या मीटरच्या आत ठेवावी असा नियम आहे. आमचे वायरमन अनुभवी आहेत, तरी डीबी देखणी दिसावी म्हणून वायर वळसे देत नेण्याची त्यांची सवय मोडायला बरीच विनवणी करावी लागली. दुसरा प्रश्न अर्थिंगचा होता. आमच्याकडची जमीन जांभ्याची असल्याने उन्हाळ्यात कोरडीठाक पडते, त्यामुळे कोळसा-मीठ घालून अर्थिंगचा नवा खड्डा करून घेतला. एसपीडीपेक्षा त्यालाच जास्त खर्च आला आणि तो मला योग्य वाटतो.

जुलैतील वादळी वाऱ्यात लाइनवरचा न्यूट्रल, म्हणजे विजेची परतीची तार, सुटला, तेव्हा या जोडीची खरी परीक्षा झाली. न्यूट्रल सुटला की एरवी २३० व्होल्ट असलेला घरचा दाब दुसऱ्या फेजच्या ओढीने ४०० व्होल्टच्या दिशेने चढू शकतो आणि तसाच टिकून राहतो. अशा वेळी एसपीडीचा उपयोग नसतो. उलट त्याच्या चकत्या तापून तोच निकामी होतो. व्होल्टेज प्रोटेक्टरने पडद्यावर ३१२ हा आकडा दाखवत पुरवठा तोडला. एसपीडी सतत २७५ ऐवजी ३२० व्होल्टपर्यंतचा दाब सोसणारा घेतलेला असल्याने तोही वाचला. शेजारी दोन घरांतील एलईडी दिवे आणि एक सेट-टॉप बॉक्स त्या संध्याकाळी गेले. व्होल्टेज प्रोटेक्टरचा रिले मायक्रोसेकंदांचा झटका पकडण्याइतका चपळ नसतो, त्यामुळे दोन्ही यंत्रांची कामे वेगळी आहेत आणि एकावर भागवणे मला धोक्याचे वाटते. दुकानदार यांपैकी कोणतेही एक ‘सर्वांवर उपाय’ म्हणून विकतात, हे ध्यानात ठेवावे.

तक्रारीही आहेत. उन्हाळ्यात संध्याकाळी दाब १७० च्या खाली घसरला की व्होल्टेज प्रोटेक्टर पंख्या-दिव्यांसह सारे घर बंद करीत असे. सध्या किमान मर्यादा उतरवून ठेवली आहे आणि फ्रीजला वेगळा स्टॅबिलायझर दिला आहे. पुरवठा परत आल्यावर तीन मिनिटे थांबावे लागते, घरातील वडीलधाऱ्यांना ते अजून पटलेले नाही, पण कॉम्प्रेसरसाठी तो थांबा हिताचा आहे. एसपीडी ठीक असल्याचे दाखवणारी खिडकी अजून हिरवीच आहे. मात्र त्याने किती झटके परतवले हे ती सांगत नाही, त्यामुळे विजांपासून टीव्ही वाचला तो त्याच्यामुळेच, असे मी म्हणणार नाही. लाल झाल्यावर आतली कार्ट्रिज तेवढी बदलता येते, हे खरेदीच्या वेळीच पाहून घेतले होते.

इंटरनेट फायबरवरून येत असल्याने त्या वाटेने झटका येण्याची भीती नाही. छतावरच्या डिशची केबल मात्र डीबीला वळसा घालून थेट सेट-टॉप बॉक्समध्ये शिरते, आणि तिच्यासाठी वेगळा प्रोटेक्टर बसेपर्यंत गडगडाट सुरू झाला की ती एक केबल आम्ही आजही हातानेच काढतो.