रिक्रिएशन कर्मचाऱ्यांसाठी प्रमाणन: अभ्यासक्रम, परीक्षा की प्रत्यक्ष कामाची पारख?

उद्याने, क्रीडासंकुले, जलतरण तलाव, मुलांची सुट्टीतील शिबिरे आणि ज्येष्ठांची विरंगुळा केंद्रे चालवणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी स्वतःचे व्यावसायिक प्रमाणन सुरू करावे, असे एखाद्या संघटनेच्या मनात आले की पहिल्याच बैठकीत चर्चा परीक्षेच्या शुल्कावर आणि पदनामाच्या आद्याक्षरांवर येऊन ठेपते. हे प्रमाणपत्र नेमकी कशाची हमी देणार आणि ती हमी मागतो आहे कोण, हा त्याआधीचा प्रश्न मात्र बाजूला राहतो. पालकांना आपले मूल सुरक्षित हातात आहे एवढे कळले तरी पुरते. नोकरी देणाऱ्याला दहा अर्जांतून दोन निवडायचे असतात. आणि कर्मचाऱ्याला आपल्या कामाकडे हंगामी मजुरी म्हणून नव्हे, तर व्यवसाय म्हणून पाहिले जावे असे वाटते. या तीन गरजा एकाच कागदाने भागत नाहीत, म्हणून पुढील तिन्ही मार्ग या प्रश्नाच्या कसोटीवर तपासले आहेत.

अभ्यासक्रम पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र

हा सर्वांत स्वस्त आणि लवकर उभा राहणारा मार्ग आहे. जी संस्था शिकवते तीच शेवटी छोटी चाचणी घेते आणि प्रमाणपत्र देते. कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात सुरू झालेला ‘हाय फाइव्ह’ कार्यक्रम हे प्रशिक्षणावर भर देणाऱ्या वाटेचे चांगले उदाहरण आहे. मुलांना जपणारा प्रौढ, मैत्री, खेळ, कौशल्यावर पकड आणि सहभाग या पाच तत्त्वांभोवती तेथे मुलांबरोबर काम करणाऱ्यांचे प्रशिक्षण बांधलेले आहे. उन्हाळ्यापुरते कामाला येणाऱ्या तरुणांना दोन दिवसांत एकसारखी दृष्टी द्यायची असेल, तर याहून सोयीचे काही नाही.

अडचण या मार्गाला नको तेवढे वजन दिले की सुरू होते. असा कागद एका घडून गेलेल्या घटनेची नोंद असतो: अमुक व्यक्तीने अमुक दिवशी हे शिकून पूर्ण केले. त्यामुळे त्याला मुदत नसते आणि पुढे गैरवर्तन घडले तरी तो परत घेण्याला अर्थ नसतो. व्यावसायिक प्रमाणन मात्र व्यक्तीच्या आजच्या पात्रतेविषयी बोलते, म्हणून ते मुदतीचे असते आणि काढूनही घेता येते. (मराठीत दोन्हींना प्रमाणपत्रच म्हणतात, त्यामुळे जाहिरात करणाऱ्यांचे फावते आणि वाचणाऱ्यांची फसगत होते.)

स्वतंत्र परीक्षेवर आधारलेले प्रमाणन

व्यक्तींना प्रमाणित करणाऱ्या संस्थांसाठी आयएसओ/आयईसी १७०२४ हे आंतरराष्ट्रीय मानक २००३ मध्ये आले आणि २०१२ मध्ये सुधारले गेले. त्याचा गाभा निःपक्षपातीपणा हा आहे: प्रशिक्षणाच्या धंद्याचा प्रमाणनाच्या निर्णयावर दबाव येता कामा नये आणि संस्थेचाच वर्ग केला तर परीक्षा सोपी जाते असा भासही निर्माण होता कामा नये. शिवाय परीक्षेत काय विचारायचे हे त्या व्यवसायातील प्रत्यक्ष कामाच्या विश्लेषणातून ठरावे लागते. चार ज्येष्ठ सदस्यांनी एका दुपारी बसून केलेली विषयांची यादी येथे चालत नाही. वेगवेगळ्या पदांवरील कर्मचाऱ्यांना कोणते काम किती वेळा करावे लागते आणि ते चुकले तर किती नुकसान होते, हे पद्धतशीरपणे विचारून प्रत्येक विषयाचे वजन ठरवावे लागते, आणि काम बदलत जाते म्हणून काही वर्षांनी ते पुन्हा करावे लागते.

अमेरिकेतील नॅशनल रिक्रिएशन अँड पार्क असोसिएशनचे सीपीआरपी (सर्टिफाइड पार्क अँड रिक्रिएशन प्रोफेशनल) हे प्रमाणन या मार्गाने जाते. त्याचा घेण्याजोगा भाग म्हणजे प्रवेशाच्या अटी. संबंधित विषयातील पदवी असेल तर थोडा अनुभव चालतो, दुसऱ्या विषयातील पदवी असेल तर जास्त लागतो आणि पदवी नसलेल्यालाही अनेक वर्षांच्या अनुभवावर परीक्षेला बसता येते. ज्या क्षेत्रातील कितीतरी उत्तम माणसे मैदानावरच घडली, तेथे पदवीचीच अट ठेवणे म्हणजे त्यांना दारातच अडवणे होय. याउलट आजारी किंवा अपंग व्यक्तींसोबत काम करणाऱ्या थेरप्युटिक रिक्रिएशनसाठी (खेळ व विरंगुळ्यातून उपचार) १९८१ पासून वेगळी प्रमाणन परिषद आहे. तिचा शैक्षणिक मार्ग पदवी आणि देखरेखीखालील इंटर्नशिप मागतो, आणि कामाचे स्वरूप पाहता ते योग्यच आहे.

उत्तीर्ण होण्याची रेषा हा परीक्षेतील सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. सरसकट साठ टक्के ठेवणे सोपे असते. पण एक प्रश्नपत्रिका सोपी आणि पुढची कठीण निघाली तर त्या साठाला काय अर्थ उरतो? त्यासाठी अँगॉफ पद्धत वापरतात. ‘जेमतेम पात्र’ अशा शंभर उमेदवारांपैकी किती जण हा प्रश्न सोडवतील, याचा अंदाज तज्ज्ञ प्रत्येक प्रश्नासाठी स्वतंत्रपणे देतात आणि त्या अंदाजांच्या सरासरीतून रेषा ठरते. परीक्षेला कोणी आव्हान दिले तर संस्थेला दाखवता येईल असा आधार यातून मिळतो.

हे सगळे खर्चीक आहे, आणि खर्च एकदाच होऊन थांबत नाही. प्रश्न फुटतात, नियम बदलतात, प्रश्नपेढी सतत भरत राहावी लागते. उमेदवार वर्षाला मोजकेच असतील, तर कोणता प्रश्न सदोष आहे हे आकडेवारीतून कळण्याइतकी माहितीही गोळा होत नाही. माझ्या मते येथेच बहुतेक लहान संघटनांनी थांबावे आणि एखाद्या प्रस्थापित संस्थेची परीक्षा कराराने घेता येते का ते पाहावे, मात्र कायदा आणि सुरक्षा-नियमांचा भाग आपल्याकडचा जोडून.

प्रत्यक्ष कामाची पारख

वीस मुलांचा खेळ रंगात आलेला असताना पाऊस येतो, दोघांचे भांडण जुंपते आणि तिसऱ्याला दम लागतो. त्या क्षणी कर्मचारी काय करतो, हे चार पर्यायांच्या प्रश्नातून कळत नाही. ते पाहावेच लागते. जीवरक्षकांच्या प्रमाणनात हे तत्त्व जुनेच आहे: उमेदवाराला पाण्यात उतरून बुडणाऱ्याला बाहेर काढून दाखवावे लागते, आणि अमेरिकन रेड क्रॉसचे असे प्रमाणपत्र दोनच वर्षे चालते, कारण न वापरलेले कौशल्य गंजते.

या मार्गाचा कच्चा दुवा परीक्षक आहे. एकच काम पाहून एकाने ‘उत्साही’ म्हणावे आणि दुसऱ्याने ‘बेशिस्त’, हे सहज घडते. म्हणून निकष वर्तनाच्या भाषेत लिहावे लागतात. ‘मुलांशी चांगले वागतो’ हा निकष निरुपयोगी आहे, तर ‘खेळ सुरू करण्यापूर्वी मुले मोजतो, संपल्यावर पुन्हा मोजतो’ हा कोणालाही तपासता येतो. परीक्षकांना प्रशिक्षण द्यावे लागते, काही निर्णय दुसऱ्याकडून तपासून घ्यावे लागतात आणि उमेदवाराच्या थेट वरिष्ठाला परीक्षक करणे टाळावे लागते.

निवड करताना

हंगामी कर्मचाऱ्यांसाठी अभ्यासक्रम आणि त्याला जोडून सुरक्षेची प्रात्यक्षिक चाचणी एवढे ठेवावे. तीन महिन्यांसाठी येणाऱ्याकडून परीक्षेचे शुल्क मागितले तर तो येणारच नाही. केंद्रप्रमुख, उपक्रम-नियोजक अशा कायम पदांसाठी स्वतंत्र परीक्षा योग्य ठरते, कारण अंदाजपत्रक, जोखीम, सर्वसमावेशकता आणि कर्मचारी-व्यवस्था यांतील निर्णयक्षमता लेखी तपासता येते. मुलांबरोबर काम करणाऱ्यांची पार्श्वभूमी तपासण्याची जबाबदारी मात्र यांपैकी कोणत्याही मार्गावर ढकलू नये. ती नोकरी देणाऱ्याचीच राहते.

नूतनीकरणाची मुदतही कामाप्रमाणे वेगळी हवी. सीपीआरपी दर दोन वर्षांनी दोन सीईयू (निरंतर शिक्षणाची एकके), म्हणजे वीस तासांचे निरंतर शिक्षण मागते. थेरप्युटिक रिक्रिएशनच्या प्रमाणनाचे चक्र पाच वर्षांचे आहे. व्याख्यानाला बसलेल्या तासांनी कौशल्य सिद्ध होत नाही हे खरे, पण दर वेळी पुन्हा परीक्षा ठेवली तर लोक प्रमाणन सोडून देतात. सुरक्षेशी संबंधित कौशल्यांना लहान मुदत व प्रात्यक्षिक आणि व्यवस्थापनाला मोठी मुदत व तास, अशी विभागणी मला व्यवहार्य वाटते.

सुरुवातीला आधीपासून काम करणाऱ्यांना परीक्षेशिवाय सामावून घेण्याचा आग्रह हमखास होतो. तो मान्य करायचाच असेल तर अर्जाची अंतिम तारीख योजना जाहीर करतानाच छापावी आणि अशा सदस्यांनाही पहिले नूतनीकरण इतरांच्याच अटींवर करायला लावावे. ती तारीख एकदा पुढे ढकलली, की ती दुसऱ्यांदाही पुढे ढकलली जाते.