'बॉक्स पीस' म्हणून घेतलेला व्हॅक्यूम पंप

जुन्या मर्सिडीजचे पार्ट शोधणाऱ्यांनी हे जरूर वाचावं. मी फसलोय आणि थोडक्यात इंजिनही गमावलं असतं.

बाबांची गाडी १९८३ची, डब्ल्यू-१२३ मालिकेतली ३०० डी. एके दिवशी चावी फिरवून काढली तरी इंजिन चालूच. या डिझेल गाडीत इंजिन बंद होणं, ब्रेकचा बूस्टर, दारांचं सेंट्रल लॉकिंग, सगळं एकाच पंपाच्या व्हॅक्यूमवर, म्हणजे हवा ओढून तयार केलेल्या पोकळीवर चालतं. बॉनेट उघडून 'स्टॉप' लिहिलेला खटका हाताने दाबला तेव्हा कुठे इंजिन थांबलं. ब्रेकही कडक झाला होता. पंप गेला होता.

ऑनलाइन एक विक्रेता भेटला. "जुन्या स्टॉकमधला बॉक्स पीस आहे सर, न वापरलेला. शेवटचा एकच राहिलाय." बोलणं गोड, गाडीची माहिती तोंडपाठ. मी पार्ट नंबर पाठवला, त्याने खोक्याचा फोटो पाठवला. स्टिकरवर तोच नंबर. मी सगळे पैसे आगाऊ पाठवून दिले.

पंप आला, नवाकोरा चकचकीत. फक्त मर्सिडीजची चांदणी घासून काढलेली. विचारलं तर म्हणाला, कंपनीला पार्ट पुरवणारे कारखाने तोच माल स्वतःच्या नावाने विकताना चांदणी घासून टाकतात. हे खरं आहे, आणि खऱ्याच्या आडून फसवलं की माणूस लवकर फसतो. पण मग त्या कारखान्याचं नाव तरी पंपावर हवं होतं. ते कुठेच नव्हतं, आणि मी शोधलंही नाही.

मेस्त्रींनी मात्र बोल्टच्या भोकाभोवती नख फिरवलं. ताज्या चंदेरी रंगाखाली वॉशरचा गोल वळ होता. "साहेब, हा आधी कुठल्यातरी इंजिनावर बसलेला आहे." पंपाला इंजिनाकडून गती देणारा रोलर बोटाने हलवला तर आडवा डुलत होता. तरी मी म्हणालो, बसवा. महिनाभर गाडी उभी होती, मला धीर धरवला नाही.

नवव्या दिवशी इंजिनाच्या पुढच्या बाजूने टकटक सुरू झाली. गाडी तिथेच थांबवून टो करून नेली. पंप उघडला तर बेअरिंगची जाळी तुटलेली, दोन गोळ्या गायब. हा पंप इंजिनाच्या पुढच्या तोंडाशी बसतो आणि त्याच्या सुट्या झालेल्या गोळ्या थेट टायमिंग चेनकडे, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा मेळ राखणाऱ्या साखळीकडे पडतात. एखादी चेनमध्ये अडकली, चेन सरकली किंवा तुटली, की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिन संपतं. ऑइल संप, म्हणजे इंजिनाखालचं ऑइलचं भांडं खोललं तेव्हा दोन्ही गोळ्या तळाशी सापडल्या. मेस्त्रींनी त्या माझ्या तळहातावर ठेवल्या तेव्हा माझा हात थरथरत होता.

विक्रेत्याने फोन उचलणं बंद केलं. रिकामं खोकं घेऊन बसलो तेव्हा स्टिकरवरचा नंबर नीट वाचला. घाईत टाइप करताना मी दोन आकडे उलटसुलट केले होते. स्टिकरवर तेच दोन आकडे तसेच उलटसुलट! माझाच मेसेज बघून त्याने स्टिकर छापलं होतं.

आता मी नंबर आधी सांगतच नाही. पार्टवर काय कोरलंय ते विक्रेत्यालाच वाचायला लावतो, बोल्टच्या भोकांचे आणि रोलरचे जवळून फोटो मागतो, शेजारी त्या दिवसाची तारीख लिहिलेला कागद ठेवायला सांगतो. टाळाटाळ झाली की विषय संपला. नवा पंप अखेर अधिकृत डीलरकडे चासी नंबर देऊन मागवला. जुन्या गाड्यांचे बरेच पार्ट कंपनी अजूनही पुरवते, हे आधी विचारलं असतं तर एवढं घडलंच नसतं.

परवा तोच फोटो दुसऱ्या नावाच्या जाहिरातीत दिसला. खोक्याचा उजवा कोपरा आत दबलेला आहे आणि स्टिकर किंचित तिरकं लागलंय. तो फोटो तुम्हाला आला तर एक पैसाही पाठवू नका.