गुऱ्हाळातले दोन बदल: भौतिक कुठला, रासायनिक कुठला?

कोल्हापूरच्या कुठल्याही गुऱ्हाळावर तासभर थांबा, दोन्ही बदल एकाच ठिकाणी दिसतात.

काहिलीत रस उकळतो, वाफ उठते. ही वाफ म्हणजे पाणीच, फक्त रूप बदललेलं. गार झाली की पुन्हा पाणी. म्हणून हा भौतिक बदल. आटलेला रस सुमारे 118 अंशांवर पोचला की गुळव्या काहील उतरवतो. गार होताना साखरेचे बारीक कण धरतात आणि ढेप घट्ट होते. हाही भौतिकच. गुळाचा खडा पाण्यात विरघळतो तोही तसाच, साखर साखरच राहते.

पण खाली चुलवाणात चिपाडं जळतात, त्यांची राख आणि वायू होतात. त्यातून चिपाड परत मिळत नाही. हा सरळ रासायनिक बदल.

खरी गंमत काहिलीतच आहे. रस तापताना रंग गडद होतो, खरपूस वास सुटतो, कारण नवे पदार्थ तयार होतात. शिवाय आंबटपणा आणि उष्णता मिळून थोड्या साखरेचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं. हे डोळ्यांना दिसत नाही, पण असा गूळ हाताला चिकटतो, पावसाळ्यात लवकर पाझरतो. ऊस तोडून बरेच दिवस पडला की हेच वाढतं. चुन्याची निवळी घालतात ती हा आंबटपणा मारायला.

'परत फिरतो तो भौतिक' हे मुलांना पाठ असतं, पण ते अपुरं आहे. चिपाड फाडलं तर जुळत नाही, तरी बदल भौतिकच. प्रश्न एकच विचारावा: नवा पदार्थ झाला का?